नोंदवही आणि जाळे

प्रस्तावना

'हा आजार आमच्या घराण्यातच आहे,' असे उद्गार मधुमेह किंवा हृदयविकार झालेल्या माणसाच्या घरी नेहमी ऐकू येतात. आजोबांना होता, वडिलांना झाला, आता मुलालाही झाला. म्हणजे तो नशिबातच होता, असे मानून पुष्कळ जण स्वस्थ बसतात. काही घरांत तर मुलाच्या आजाराचा दोष आईच्या माथी मारला जातो. विज्ञानाचे उत्तर याहून निराळे आहे. आईवडिलांकडून माणसाला जनुके मिळतात हे खरे. परंतु कोणते जनुक केव्हा, कोठे आणि किती काम करील हे ठरवणारी एक स्वतंत्र व्यवस्था शरीरात असते. तिला जनुकांचे नियमन असे म्हणतात. या व्यवस्थेतील बिघाड शोधण्यासाठी शास्त्रज्ञ संगणकाच्या साहाय्याने जनुकांच्या परस्परसंबंधांचे जाळे विणतात. हे जाळे म्हणजे काय, ते कसे विणले जाते आणि म्हैसूरच्या एका रुग्णालयातील जुन्या नोंदींचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
- जनुक आणि जनुकांचे नियमन यांतील फरक सांगता येईल;
- जनुकांचे जाळे कसे तयार करतात हे सोप्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल;
- सहसंबंध आणि कार्यकारणसंबंध यांतील भेद ओळखता येईल;
- म्हैसूर, पुणे व मुंबई येथील अभ्यासांचे महत्त्व विशद करता येईल;
- शास्त्रीय लेखनातील पारिभाषिक शब्द व वाक्यरचना यांचा परिचय होईल.

मूळ पाठ

१. म्हैसूरची जुनी नोंदवही

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक आणि चामुंडी टेकडी डोळ्यांपुढे उभी राहते. २०१४ साली या शहराचे अधिकृत नाव मैसूरू असे झाले. याच शहरात १९०६ साली ख्रिस्ती मिशनने स्थापन केलेले होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय आहे. १९३४ सालापासून तेथे जन्मणाऱ्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदवहीत टिपून ठेवला जाऊ लागला. आईचे वजनही लिहिले जाई. नोंद करणाऱ्यांच्या दृष्टीने ते रोजचे काम होते. या आकड्यांतून पुढे काही निष्पन्न होईल, अशी कल्पना असण्याचे त्यांना कारणच नव्हते.

१९८९ साली इंग्लंडमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशर परगण्यातील अशाच जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी ज्यांचे वजन कमी भरले होते, त्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते, असे त्यांना आढळले. भारतात हे खरे ठरते काय, हे पाहण्यासाठी डॉ. कॅरोलाइन फॉल आणि त्यांचे सहकारी म्हैसूरला आले. रुग्णालयाच्या परिसरात घरोघर पाहणी करून तेथे जन्मलेल्या, आता प्रौढ झालेल्या माणसांचा शोध घेण्यात आला. १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांची तपासणी झाली आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्माच्या वेळी ज्यांचे वजन साडेपाच पौंड, म्हणजे सुमारे अडीच किलो, किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांना हृदयविकार होता. ज्यांचे वजन सात पौंड किंवा त्याहून अधिक होते, त्यांच्यात हे प्रमाण अवघे ३ टक्के होते.

मधुमेहाची गोष्ट मात्र वेगळी निघाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, जन्मतः लांबीने आखूड पण अंगाने गुटगुटीत असलेल्या आणि ज्यांच्या आया वजनदार होत्या अशा व्यक्तींमध्ये मधुमेह अधिक होता. गरोदरपणी आईच्या रक्तातील साखर वाढलेली असावी, अशी शंका यातून निर्माण झाली. ती पडताळण्यासाठी १९९७-९८ मध्ये याच रुग्णालयात ८३० गर्भवती स्त्रियांना घेऊन 'पार्थेनॉन अभ्यास' सुरू झाला होता. त्यांच्यापैकी सुमारे सहा टक्के स्त्रियांना गर्भावस्थेतील मधुमेह आढळला. त्यांची मुले नऊ-साडेनऊ वर्षांची झाली, तेव्हा इतर मुलांपेक्षा त्यांच्या अंगात चरबी अधिक होती. रक्तातील साखर आणि इन्शुलिनही वाढलेले होते. याच अभ्यासात ४३ टक्के गर्भवतींच्या रक्तात बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि अशा स्त्रियांमध्ये गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते.

पुण्याजवळील सहा खेड्यांमध्ये १९९३ साली के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी असाच अभ्यास हाती घेतला होता. तेथील दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. तरीही वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांच्या अंगात चरबी अधिक होती. वरून रोड, आतून स्थूल अशी ही बाळे होती.

या सर्व निष्कर्षांतून एक प्रश्न उभा राहिला. आईच्या पोटातील नऊ महिन्यांचा परिणाम चाळीस-पन्नास वर्षांनी दिसतो, तर मधल्या काळात शरीर ही आठवण ठेवते कोठे?

> पाठगत प्रश्न – १
> १. होल्ड्सवर्थ रुग्णालयात कोणत्या गोष्टींची नोंद ठेवली जाई?
> २. हृदयविकार आणि मधुमेह यांविषयीचे म्हैसूरचे निष्कर्ष कोणत्या बाबतीत भिन्न होते?

२. पाट आणि पाटकरी

माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिने तयार करण्याच्या सूचना देणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. ती सर्व मिळून डीएनएचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग व्यापतात. यकृताची पेशी, डोळ्याची पेशी आणि इन्शुलिन तयार करणारी स्वादुपिंडातील पेशी यांत हीच जनुके असतात. तरीही इन्शुलिन तयार होते ते स्वादुपिंडात; डोळ्यात नव्हे. असे का व्हावे?

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला याचे उत्तर चटकन उमजेल. कालव्याचे पाणी अनेक पाटांपर्यंत पोचते. परंतु कोणत्या पाटाचे दार केव्हा आणि किती उघडायचे, हे पाटकरी ठरवतो. एका शेतात ऊस उभा राहतो आणि शेजारचे शेत कोरडे राहते, तेव्हा दोष जमिनीचाच असतो असे नाही; दार उघडण्यातही चूक असू शकते. पेशीमध्येही असे पाटकरी असतात. ती काही विशिष्ट प्रथिने होत. डीएनएवरील ठरावीक जागी ती बसतात आणि जनुकाचे काम सुरू करतात, थांबवतात किंवा कमीअधिक करतात. हे प्रथम १९६१ साली फ्रान्समधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून सिद्ध केले. १९६५ साली त्यांना या क्षेत्रातील कार्यासाठी आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, नियंत्रक प्रथिन तयार करण्याची सूचनाही एका जनुकातच असते आणि त्या जनुकावरही दुसऱ्या कोणाचे नियंत्रण असते. म्हणजे पाटकऱ्यावर आणखी एक पाटकरी! त्यामुळे जनुकांची एक सरळ रांग न राहता गुंतागुंतीचे जाळे बनते.

या दारांवर काही रासायनिक खुणाही असतात. मिथाइल गट नावाचा लहानसा रेणू डीएनएला चिकटला की बहुधा त्या ठिकाणचे जनुक मंदावते. पेशी दुभंगून नव्या पेशी झाल्या तरी या खुणांची नक्कल पुढे जाऊ शकते. शरीर आठवण कोठे ठेवते, या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर येथे आहे. मिथाइल गट तयार होण्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून बी-१२ मिळते. केवळ वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसते. म्हणूनच म्हैसूर आणि पुणे येथील गर्भवतींच्या रक्तातील बी-१२च्या आकड्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्या व्यक्तींची सुमारे साठ वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ२ या जनुकावरील मिथाइल खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. भुकेची नोंद डीएनएवर साठ वर्षे राहू शकते, याचा तो पुरावा होता.

> पाठगत प्रश्न – २
> १. सर्व पेशींत इन्शुलिनचे जनुक असूनही ते स्वादुपिंडातच का तयार होते?
> २. बी-१२ आणि जनुकांचे नियमन यांचा संबंध एका वाक्यात सांगा.

३. जाळे कसे विणतात?

कोळ्याच्या जाळ्यात गाठी असतात आणि गाठींना जोडणारे धागे असतात. गणितातील जाळेही असेच असते. १७३६ साली लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्जबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडवताना भूभागांना बिंदू आणि पुलांना रेषा मानले. जाळ्यांच्या गणिताचा प्रारंभ तेथून मानला जातो. जनुकांच्या जाळ्यात प्रत्येक जनुक ही एक गाठ. आणि दोन जनुकांच्या कामात काही संबंध आढळला, तर त्यांच्यामध्ये एक धागा.

हा संबंध ओळखायचा कसा? प्रत्येक जनुक किती काम करते आहे, हे आता प्रयोगशाळेत मोजता येते. समजा, चार व्यक्तींच्या पेशी तपासल्या आणि चार जनुकांचे पुढील आकडे मिळाले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

| जनुक | पहिली व्यक्ती | दुसरी | तिसरी | चौथी |
|---|---|---|---|---|
| क | २ | ४ | ६ | ८ |
| ख | १ | २ | ३ | ४ |
| ग | ८ | ६ | ४ | २ |
| घ | ३ | ५ | ५ | ३ |

क वाढले की ख वाढते; त्यांचा सहसंबंध पूर्ण, म्हणजे अधिक १ आहे. क वाढले की ग घटते. त्यांचा सहसंबंध उणे १ आहे. क आणि घ यांच्यात मात्र असा कोणताही मेळ नाही. त्यांचा सहसंबंध शून्य आहे. म्हणून क-ख आणि क-ग यांमध्ये धागा ओढायचा, क-घ यांमध्ये नाही. अशा प्रकारे जी जनुके एकत्र वाढतात व घटतात, त्यांचे गट पडतात. एका गटातील जनुके बहुधा एकाच कामात सहभागी असतात किंवा एकाच पाटकऱ्याच्या हुकमतीत असतात.

चार जनुकांचे गणित कागदावर करता येते. जनुके वीस हजार असतील, तर जोड्या होतात सुमारे वीस कोटी! येथे संगणकावाचून गत्यंतर नाही. शिवाय आणखी एक अडचण असते. दोन जनुकांचे आकडे निव्वळ योगायोगानेही जुळू शकतात. असा योगायोग लाखात एकदाच घडतो असे धरले, तरी वीस कोटी जोड्यांमध्ये दोन हजार खोटे धागे निर्माण होतील. म्हणून धागा मान्य करण्याची कसोटी अत्यंत कडक ठेवावी लागते आणि चार नव्हे, शेकडो व्यक्तींचे नमुने घ्यावे लागतात.

याहून महत्त्वाची सावधगिरी दुसरीच आहे. म्हैसूरच्या देवराज बाजारात दसऱ्याच्या दिवसांत फुलांचा खप वाढतो आणि मिठाईचाही वाढतो. यावरून फुलांमुळे मिठाई खपते, असे कोणी म्हणणार नाही. दोहोंमागचे कारण दसरा हे आहे. जनुकांच्या बाबतीतही दोन गाठींमधील धागा म्हणजे कारण नव्हे. दोघांना हलवणारा तिसराच कोणी असू शकतो. संगणकाचे खरे कौशल्य हा पडद्याआडचा 'दसरा', म्हणजेच नियंत्रक, शोधण्यात आहे. त्यासाठी केवळ सहसंबंधावर न विसंबता आणखी माहिती जाळ्यात गुंफली जाते: कोणते नियंत्रक प्रथिन डीएनएवर कोठे बसते, मिथाइल खुणा कोठे आहेत, आणि डीएनएचा दूरचा कोणता भाग घडी पडून कोणत्या जनुकाजवळ येतो.

> पाठगत प्रश्न – ३
> १. जनुकांच्या जाळ्यातील 'गाठ' आणि 'धागा' म्हणजे काय?
> २. देवराज बाजाराच्या उदाहरणातून कोणता मुद्दा स्पष्ट केला आहे?

४. जाळ्यातून रोगाकडे

जाळे विणून झाले की रोगाचा माग काढण्याचे काम सुरू होते. त्याची एक रीत अशी. रोगाशी ज्यांचा संबंध आधीच सिद्ध झाला आहे, त्या जनुकांच्या गाठींवर पणत्या लावल्या आहेत अशी कल्पना करावी. त्यांचा उजेड धाग्यांवरून शेजारच्या गाठींपर्यंत पोचतो. ज्या गाठीवर अनेक बाजूंनी उजेड पडतो, तिचाही रोगाशी संबंध असण्याची शक्यता अधिक. संगणक हा 'उजेड' आकड्यांत मोजतो आणि वीस हजार जनुकांतून तपासण्याजोगी मोजकी जनुके निवडून देतो.

दुसरी रीत गटांची. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातील पेशी घेऊन त्यांतील जनुकांचे जाळे तयार केले. त्या जाळ्यातील एका गटाचा मधुमेहाशी निकटचा संबंध दिसला. त्या गटात एसएफआरपी४ हे जनुक ठळकपणे पुढे आले. प्रयोगात असे आढळले की, त्यापासून बनणारे प्रथिन इन्शुलिनचे स्रवणे कमी करते. आणि मधुमेहाचे निदान होण्याच्या काही वर्षे आधीच ते रक्तात वाढलेले असते. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले.

तिसरे उदाहरण भारताच्या अधिक जवळचे आहे. एफटीओ या जनुकातील एक अक्षर बदललेले असले, तर माणूस स्थूल होण्याची शक्यता वाढते, असे २००७ साली युरोपातील अभ्यासांतून दिसून आले होते. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे, म्हणजे सीसीएमबीचे, डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने पुण्यातील १,४५३ मधुमेही व १,३६१ मधुमेह नसलेल्या व्यक्ती आणि म्हैसूरमधील ९६१ व्यक्ती यांचा डीएनए तपासला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, भारतीयांमध्ये या बदलाचा मधुमेहाशी संबंध आहे आणि तो केवळ वजनवाढीमुळे आहे असे म्हणता येत नाही.

परंतु हा बदल एफटीओ जनुकाच्या अशा भागात होता की, तेथून प्रथिन बनतच नाही. मग तो अपाय करतो कसा? याचे उत्तर नियमनाच्या जाळ्यात सापडले. २०१४ साली असे दिसून आले की, डीएनएचा हा भाग घडी पडून सुमारे पाच लाख अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स३ या वेगळ्याच जनुकाला जाऊन भिडतो. २०१५ साली पुढचा दुवा मिळाला. अक्षर बदलल्यामुळे एआरआयडी५बी हे रोखणारे प्रथिन तेथे बसू शकत नाही; त्यामुळे आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ ही जनुके प्रमाणाबाहेर काम करतात, आणि ऊर्जा जाळून उष्णता देणाऱ्या चरबीपेशींऐवजी ती साठवणाऱ्या पेशी अधिक तयार होतात. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पेशींमधील ते एकच अक्षर दुरुस्त केले, तेव्हा पेशी पुन्हा ऊर्जा जाळू लागल्या. पाण्याची गळती एका शेतात दिसत होती. नादुरुस्त दार मात्र कितीतरी अंतरावर होते. केवळ जनुकांची यादी पाहून हे कधीच कळले नसते. कोणता धागा कोठे जातो, हे पाहिल्यावर ते कळले.

> पाठगत प्रश्न – ४
> १. एफटीओमधील बदलाचा परिणाम प्रत्यक्षात कोणत्या जनुकांवर होतो?
> २. 'पणत्यांच्या' उदाहरणातून कोणती पद्धत समजावली आहे?

५. धाग्यांची कसोटी

संगणकाने दाखवलेला धागा हा अंदाज असतो, न्यायनिवाडा नसतो. त्याची कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली प्रयोगशाळेत, एआरआयडी५बीच्या बाबतीत झाली तशी. दुसरी माणसांच्या प्रत्यक्ष जीवनात. २००६ साली मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये राहणाऱ्या स्त्रियांसाठी 'सरस' हा प्रकल्प सुरू झाला. गर्भधारणेच्या आधीपासून एका गटाला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. दुसऱ्या गटाला हे पदार्थ कमी असलेला खाऊ मिळाला. पुढे गर्भावस्थेतील मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळला. आहारातील बदलाने रोगाचे प्रमाण खरोखर घटते, हे अशा रीतीने पडताळून पाहता आले. या मुलांच्या डीएनएवरील मिथाइल खुणाही पुढे तपासण्यात आल्या. २०२३ साली सीसीएमबीच्या गटाने एसओसीएस३ या जनुकावरील खुणांचा मुलांच्या उंचीशी संबंध असल्याचे दाखवून दिले.

आणखी एक उणीव लक्षात घ्यायला हवी. जगातील जनुकीय माहितीचा फार मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेला आहे. त्या माहितीवर विणलेले जाळे भारतीय शरीराला जसेच्या तसे लागू पडेलच, असे नाही. वरून रोड, आतून स्थूल असलेले पुण्याचे बाळ युरोपीय आकड्यांत दिसणार नाही. यासाठीच २०२० साली 'जीनोम इंडिया' हा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि २०२५ च्या जानेवारीत दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती संशोधकांना उपलब्ध झाली.

म्हणजे जाळे कितीही मोठे असले आणि संगणक कितीही वेगवान असला, तरी शेवटी त्याला माणसांविषयीच्या खऱ्या नोंदी लागतात. त्या नोंदी संगणक निर्माण करू शकत नाही. बाळ तराजूत ठेवून त्याचे वजन प्रामाणिकपणे लिहिणारी परिचारिका, स्वतःची तपासणी करून घ्यायला पुन्हा पुन्हा येणारी आई, आणि संशोधनासाठी रक्त देण्यास संमती देणारा सामान्य माणूस यांच्यामुळेच त्या मिळतात. खेड्यातील अंगणवाडीत बाळाच्या वाढीचा जो तक्ता भरला जातो, तोही याच प्रकारचा ऐवज आहे. त्यात अंदाजाने भरलेला आकडा हा पुढच्या पिढीच्या ज्ञानातील एक खोटा धागा ठरतो.

'आजार घराण्यातच आहे' या समजुतीला आता अधिक अचूक उत्तर देता येते. जनुके घराण्याकडून येतात. परंतु त्यांची दारे आहार, पोषण आणि आरोग्यसेवा यांच्या प्रभावाखाली उघडतात व मिटतात. आईला दोष देण्याने काहीही साधत नाही. कारण तिच्या रक्तातील बी-१२ किती असेल, हे तिच्या ताटात काय पडते यावर आणि ते ताट कसे भरते यावर अवलंबून असते. ती जबाबदारी एकट्या आईची नव्हे; ती कुटुंबाची आणि समाजाची आहे.

शब्दार्थ

जनुक – आनुवंशिक सूचना असलेला डीएनएचा भाग. नियमन – नियंत्रण, योग्य प्रमाण राखणे. सहसंबंध – दोन गोष्टी बरोबर बदलण्याचे प्रमाण. निष्पन्न होणे – परिणामी मिळणे. गत्यंतर – दुसरा मार्ग. ऐवज – मौल्यवान वस्तू. स्रवणे – पाझरणे, बाहेर टाकले जाणे.

भाषाभ्यास

(अ) शास्त्रीय लेखनात करणाऱ्यापेक्षा केलेल्या कामाला महत्त्व असते. म्हणून 'तपासणी झाली', 'असे आढळले', 'शोध घेण्यात आला' अशा रचना येतात. पुढील वाक्ये पाहा.
- शास्त्रज्ञ जाळे विणतात. (कर्तरी प्रयोग)
- शास्त्रज्ञांनी जाळे विणले. (कर्मणी प्रयोग)

पहिल्या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे, तर दुसऱ्यात कर्माप्रमाणे बदलते. पाठातून कर्मणी प्रयोगाची दोन वाक्ये शोधून लिहा.

(आ) पुढील सामासिक शब्दांचा विग्रह पाहा.
- आईवडील – आई आणि वडील (द्वंद्व)
- नोंदवही – नोंदींसाठी वही (तत्पुरुष)
- घरोघर – प्रत्येक घरी (अव्ययीभाव)

'स्त्रीपुरुष' आणि 'आरोग्यसेवा' या शब्दांचा विग्रह करून समास ओळखा.

तुम्ही काय शिकलात

- म्हैसूरच्या रुग्णालयातील जन्मनोंदींवरून गर्भातील वाढ आणि प्रौढपणीचे आजार यांचा संबंध दिसून आला.
- सर्व पेशींत तीच जनुके असतात. त्यांचे काम नियंत्रक प्रथिने आणि रासायनिक खुणा ठरवतात.
- जनुकांना गाठी आणि त्यांच्या संबंधांना धागे मानून संगणकावर जाळे तयार केले जाते.
- सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. धाग्याची कसोटी प्रयोगशाळेत आणि समाजात लागते.
- आनुवंशिकता म्हणजे अटळ नशीब नव्हे. पोषण आणि आरोग्यसेवा यांनी जनुकांच्या कामावर परिणाम होतो.

स्वाध्याय

१. एफटीओ जनुकाच्या शोधाचे टप्पे सालांसह क्रमाने लिहा.
२. पाटकऱ्याची उपमा जनुकांच्या नियमनाला कशी लागू पडते, ते आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
३. 'धागा म्हणजे कारण नव्हे' हे स्वतःच्या परिसरातील एखादे उदाहरण देऊन पटवून द्या.
४. 'मुलाच्या आजाराचा दोष आईला देणे अयोग्य आहे.' पाठाच्या आधारे तुमचे मत मांडा.
५. उपक्रम : जवळच्या अंगणवाडीत जाऊन बाळांच्या वाढीच्या कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, याची सेविकाताईंकडून माहिती घ्या व दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (१) बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर व आईचे वजन. (२) हृदयविकार कमी जन्मवजनाच्या व्यक्तींत, तर मधुमेह आखूड पण गुटगुटीत जन्मलेल्या आणि वजनदार मातांच्या अपत्यांत अधिक आढळला.
२. (१) नियंत्रक प्रथिने ते जनुक तेथेच कार्यरत ठेवतात म्हणून. (२) जनुकाचे काम बहुधा मंदावणारा मिथाइल गट तयार होण्यास बी-१२ लागते.
३. (१) गाठ म्हणजे जनुक. धागा म्हणजे दोन जनुकांमधील संबंध. (२) सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे, हा मुद्दा.
४. (१) आयआरएक्स३ व आयआरएक्स५. (२) ज्ञात रोगजनुकांच्या शेजारची संभाव्य जनुके जाळ्यातून शोधण्याची पद्धत.